यादीतील एकशे अठरावी ओळ

रांजणवाडी, रविवार, २४ जानेवारी १९७१

नगरच्या एका साप्ताहिकाने माझ्यावर पाऊण रकाना खर्च केला आहे. त्यात अकरा विधाने असून त्यांपैकी सात चुकीची आहेत. लेखक म्हणतो की मी १९३६ साली या देशात आलो. मी १७ नोव्हेंबर १९३४ रोजी मुंबईच्या धक्क्यावर उतरलो. लेखक म्हणतो की मी धर्मगुरू आहे. मी मिशनचा व्रतस्थ शिक्षक होतो, आणि १९६३ साली शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्यापासून निवृत्त आहे. महायुद्धात मी तुरुंगात नव्हतो. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून छावणीत होतो. तुरुंगात जाण्यासाठी गुन्हा करावा लागतो. वय, जन्मगाव आणि आडनाव हे तिन्ही तपशील चुकले आहेत. मी 'मोडक्यातोडक्या पण गोड मराठीत' बोलतो, असेही एक वाक्य आहे. त्याला मी चुकांत धरलेले नाही, कारण ते विधान नसून अज्ञान आहे.

सातवी चूक मात्र हसण्यावारी नेता येत नाही. 'प्रत्येक निवडणुकीत गुरुजी पहिले मत टाकतात,' असे लेखकाने ठोकून दिले आहे. मी इटलीचा नागरिक आहे. या देशातील निवडणुका मी पाहतो, त्यांत भाग घेत नाही. माझ्या निवास-परवान्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि नगरच्या पोलीस कचेरीत वर्तमानपत्रे वाचली जातात.

संध्याकाळी स्वयंपाकीण ताट ठेवताना म्हणाली, "गुरुजी, पेपरात नाव आलं म्हनं तुमचं."

आले, पण चुकीचे आले, असे मी सांगितले.

"आलं न्हवं पण," ती म्हणाली.

बुधवार, २७ जानेवारी

दिल्लीची लोकसभा मुदतीपूर्वी विसर्जित झाल्याने मार्चमध्ये मतदान आहे. मतदारयादीत आपले नाव नाही याची लेखी खात्री करून साप्ताहिकाला कळवावे, म्हणून चावडीवर गेलो. तलाठी शामकांत निसळ हे संगमनेरकडील तरुण गृहस्थ. ते माझे विद्यार्थी नव्हेत, हे त्यांच्या अक्षरावरून कळते.

"यादी हीच का?" मी विचारले.

"हीच की, गुरुजी. गावात दुसरी कुठून येणार?"

मुखपृष्ठावरील दिनांक १५ सप्टेंबर १९७०. क्रमांक ११७, घर ४२, कडूबाई. क्रमांक ११८, घर ४३, 'रोवरे मास्तर', वय ६०. त्याच घरात क्रमांक ११९ वर स्वयंपाकीण.

म्हणजे साप्ताहिकाचे अगदीच निराधार नव्हते. माझे नाव अन्सेल्मो रोवेरा, वय ७१. यादी करणारा घरोघर फिरत असताना माझ्या दारात आला, आणि येथे परका माणूस राहतो असे त्याला वाटले नाही. हा त्याचा प्रमाद होय.

दुसरीही एक गोष्ट खटकली. शेजारच्या कडूबाई १२ नोव्हेंबरला वारल्या. मृताचे नाव यादीत राहू नये म्हणून मी स्वतः तालुक्याला अर्ज दिला होता. तरी येथे नाव आहेच, हे मी निसळांच्या निदर्शनास आणले.

"तिकडे कमी झालंय हो त्यांचं. तुमच्यासारखे अर्ज करणारे असल्यावर राहील कसं?"

वाक्यातील सूर मला आवडला नाही. वस्तुस्थिती समाधानकारक आहे. क्रमांक उतरवून घेतला.

शुक्रवार, २९ जानेवारी

चार मसुदे केले. पाचवा असा: 'मौजे रांजणवाडी येथील मतदारयादीत क्रमांक ११८ वर असलेली नोंद भारताचा नागरिक नसलेल्या व्यक्तीची असल्यामुळे ती रद्द करण्यात यावी.' काढता येईल असा एकही शब्द त्यात नाही. एसटीने तालुक्याला जाऊन अर्ज हातोहात दिला आणि पोच घेतली.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

सरपंच आप्पासाहेब प्रचाराच्या जीपमधून उतरून अर्धा तास बसले. मला मत नाही हे त्यांना ठाऊक आहे. ते चहासाठी येतात.

"गुरुजी, तुमच्या मुलखात बी असाच धुरळा उडतो का निवडणुकीत?"

आता कसा उडतो ते मला ठाऊक नाही, मी म्हणालो. मी शेवटचे मतदान पाहिले ते १९३४ च्या मार्चमध्ये. उमेदवारांची एकच यादी होती, तीही सरकारची, आणि दोनच चिठ्ठ्या. 'होय'ची तिरंगी, 'नाही'ची पांढरी. कोणी कोणती उचलली ते दारातील शिपायाला दिसे.

"मंग तुमी कंची उचलली?"

"मी आजारी असल्याचे कळवले होते."

"हुतात का आजारी?"

"नव्हतो."

आप्पासाहेब बराच वेळ हसले. हसण्यासारखे मला त्यात काही आढळले नाही.

मग त्यांनी एक बातमी सांगितली. गावठाणालगतच्या पडीक जमिनीत बेघरांसाठी पंधरा प्लॉट पाडायचे ठरले आहे. "यादीत नाव त्याला प्लॉट. बाकी कुनाचं काय ऐकायचं न्हाई. न्हाईतर सोयऱ्याधायऱ्यांची रीघ लागंल." नियम स्पष्ट आहे. मी तसे म्हणालो.

स्वयंपाकीण दारात उभी होती. "बाईमानसाच्या नावानं भेटतो का, आप्पासाहेब?"

"यादीत हाय ना तू? मंग भेटंल की. दीर तुजा काय बी बरळू दे."

तिचा नवरा दुसरी बाई करून पाथर्डीकडे निघून गेला, त्याला तीस वर्षे होत आली. त्यानंतर दिराने तिला घरातून काढले, आणि ती या गावची नाहीच असे तो अजून सांगत असतो. ती बंगल्यामागच्या खोलीत राहते. डोक्यावर छप्पर असता प्लॉटची ही चौकशी कशासाठी, हे मला समजले नाही.

जीप गेल्यावर तिने विचारले, "गुरुजी, तुमाला आता किती वर्सं झाली?"

"एप्रिलमध्ये बहात्तर होतील."

"आन् बंगला मिशनचा."

"अर्थात."

"तुमच्या माघारी बी?"

"माझ्या हयातीतही मिशनचाच आहे," मी दुरुस्ती केली.

ती भांडी घासायला बसली. अलीकडे ती असंबद्ध प्रश्न विचारते.

सोमवार, २२ फेब्रुवारी

तालुक्याचे पत्र: 'क्रमांक ११८ वरील नोंद कमी करण्यात आली आहे.' पत्रात दोन शुद्धलेखनाच्या चुका आहेत, पण आशय निर्दोष. साप्ताहिकाला खुलासा पाठवला. विषय संपला.

शुक्रवार, ५ मार्च

मतदानाचा दिवस. ही नोंद सविस्तर करणे भाग आहे.

केंद्र माझ्याच जुन्या शाळेत होते. केंद्रापासून शंभर यार्डांच्या आत उभे राहण्याचा मला अधिकार नाही, म्हणून मी एकशे दहा पावले मोजून कडुनिंबाखाली खुर्ची टाकली. पुरुषांची ओळ डावीकडे, बायकांची उजवीकडे. बायकांची ओळ पुढे सरकायला दुप्पट वेळ लागत होता, कारण अधिकारी खुणेसाठी नवऱ्याचे नाव विचारतो आणि येथील बाई ते उच्चारत नाही. मागची बाई पुढचीच्या नवऱ्याचे नाव सांगते, तिच्या नवऱ्याचे तिच्या मागची. आमच्याकडे रंगुबाई या कामी प्रसिद्ध आहेत. स्वतःचे मत सकाळीच टाकूनही त्या दारापाशी थांबून राहतात आणि गावातील सर्व नवऱ्यांची नावे सांगतात.

स्वयंपाकीण साडेदहाला आली. ठेवणीतले हिरवे लुगडे नेसली होती. पाऊण तासाने शाळेचा शिपाई मला बोलावण्यास आला. केंद्राध्यक्षांना ओळख पटवण्यासाठी जाणता माणूस हवा होता. अधिकाऱ्याने बोलावल्यास आत जाण्यास हरकत नाही, म्हणून गेलो.

केंद्राध्यक्ष परगावचे शिक्षक होते. मृदू गृहस्थ. "गुरुजी, या बाईंचं नाव सापडत नाही. तुम्ही ओळखता ना यांना?"

"ओळखतो. माझ्याकडील स्वयंपाकीण."

"नाव काय?"

मला त्या क्षणी ते सांगता आले नाही. एकाहत्तराव्या वर्षी असे होते. जानेवारीत चावडीवरील यादीत मी ते वाचले होते, एवढे आठवले. मी तिच्याकडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले. रंगुबाई पाणी प्यायला गेल्या होत्या.

"साळूबाई," ती म्हणाली.

"साळूबाई कोण? नवऱ्याचं नाव सांगा, म्हणजे त्यावरून बघतो."

मागे वीसेक बायका होत्या. कोणी बोलले नाही. नाव कदाचित कोणाला आठवत नसावे. तिने पदर सारखा केला.

"पुंजाराम," ती म्हणाली. "पुंजाराम गवारे."

 एका बाईने तोंडावर हात ठेवला. केंद्राध्यक्षांना यात काही विशेष झाले असे वाटले नाही. त्यांनी पाने चाळली.

"हे बघा, आहे. साळूबाई पुंजाराम गवारे. पण इथं लाल रेघ आहे. कमी केलंय नाव. क्रमांक एकशे अठरा."

मी क्रमांक पुन्हा विचारला. त्यांनी पुन्हा सांगितला.

"वरचं नाव मात्र शाबूत आहे. एकशे सतरा, रोवरे मास्तर. म्हणजे तुम्हीच का?"

आप्पासाहेबांचा माणूस बाकावर बसला होता. तो म्हणाला, "मंग सोपं हाय की, गुरुजी. ती सांगंल त्या चित्रावर तुमी शिक्का हाना. घरातल्या घरात." दोघे-तिघे हसले.

ते बेकायदेशीर आहे, असे मी सांगितले. आणि ते आहेच.

"त्यांना नगा सांगू," साळूबाई त्या माणसाला म्हणाली. "मला माजंच पायजे."

केंद्राध्यक्षांनी आज काही करता येणार नाही असे सांगितले. दारात रंगुबाई तांब्या घेऊन परत येत होत्या. "अगं, मला हाक मारायची," त्या म्हणाल्या. "मी घेतलं असतं ना त्याचं नाव."

ती नेहमीप्रमाणे माझ्यामागे दहा पावलांवर चालत घरी आली. भाकरी वेळेवर झाली.

मी आयुष्यात एकदाच मत दिले आहे, १५ मे १९२१ रोजी. माझी आई त्या दिवशी मला पोचवायला मतदानाच्या दारापर्यंत आली आणि बाहेर थांबली. आमच्या देशात तेव्हा स्त्रियांना मत नव्हते. परत येताना तिने विचारले, आत कसे असते? एक मेज आणि चार पुरुष, असे मी सांगितले. स्त्रियांना मत मिळण्याच्या तीन वर्षे आधी ती वारली. ही हकिगत येथे का लिहिली, ते सांगता येत नाही. विषयाशी तिचा संबंध नाही.

शनिवार, ६ मार्च

निसळांकडे गेलो. उलगडा पाच मिनिटांत झाला.

जानेवारीत त्यांनी मला दाखवली ती सप्टेंबरची कच्ची यादी. पक्की यादी ५ जानेवारीला तालुक्याला तयार झाली होती. तीत कडूबाईंचे नाव वगळले गेले, आणि त्यांच्या खालची सर्व नावे एकेक ओळ वर सरकली. मी एकशे सतरावर आलो. एकशे अठरावर साळूबाई आली. मी 'क्रमांक ११८' म्हणून लिहिले, आणि त्यांनी क्रमांक ११८ कमी केला. अर्जात मी नाव घातले नव्हते. यादीतले चुकीचे नाव स्वतःच्या हाताने लिहायचे नाही, असा माझा आग्रह होता.

कडूबाईंचे नाव काढायला मीच लावले. यादीवरील दिनांक मी या वहीत माझ्या हाताने उतरवला आहे. लोकांच्या तारखा तपासणे हा माझा चाळीस वर्षांचा उद्योग. ही एक तपासली नाही.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," निसळ म्हणाले. "चूक माझीही आहे. पुढच्या वर्षी नाव घालता येईल बाईंचं."

"प्लॉट याच वर्षी आहेत."

"आहेत. पण, गुरुजी, तुम्ही आता काही लेखी देऊ नका. मतदानाच्या दिवशी परदेशी माणसाचं नाव यादीत होतं, हे तुमच्याच सहीनं गेलं तर नगरला तुमची फाईल उघडेल. तुमचा परवाना तोंडावर आलाय. गप्प राहिलात तर कोणाला पत्ता नाही."

सल्ला प्रामाणिक होता. मी विचार करतो म्हणालो.

गुरुवार, ११ मार्च

दिल्लीचा निकाल रेडिओने सांगितला. गावात गुलाल उडाला. साळूबाईने निकाल विचारला नाही. होळीची पोळी नेहमीप्रमाणे माझ्या ताटात आली. मागे धुतलेल्या भांड्यांवरून पाहता तिने स्वतःसाठी ताट वाढून घेतलेले दिसत नाही.

आप्पासाहेबांना भेटलो. ते मोकळेपणाने बोलले. "गुरुजी, मला का वाईट वाटत न्हाई? पर तिच्या दिरानं अर्ज ठोकलाय, बाई गावची न्हाई, यादीत बी न्हाई. मी काय दावू? तालुक्याचा कागद आना, की चुकून नाव गेलं आन् ती इतकी इतकी वर्सं हितंच ऱ्हाते. येक्कतीस तारखेच्या आत. मंग मी हाय."

"वास्तव्याचा पुरावा कोणता चालेल?"

"कायतरी लिवल्यालं. तुमी रोज लिवताच की. तुमच्या वह्यांत आसंल ना ती?"

हे मला सुचायला हवे होते. माझ्या वह्यांत सर्व काही असते.

रविवार, १४ मार्च

छावणीतून परत आल्यापासूनच्या सव्वीस वह्या कपाटातून काढल्या. दोन दिवस वाचल्या.

ती १९४७ साली आली असे मी धरून चाललो होतो. वहीत ११ जून १९४५ सापडले. त्या दिवशीची नोंद अशी: 'शेजारच्या कडूबाईंनी स्वयंपाकासाठी बाई आणून दिली. नाव विचारले असता तिने पदर तोंडाशी धरला. आग्रह केला नाही. नावाशी कर्तव्य नाही. भाकरी बरी करते.'

पुढे सव्वीस वर्षांत तिचा उल्लेख पुष्कळदा आहे. 'स्वयंपाकीण तापाने आजारी.' 'स्वयंपाकिणीने विहिरीवरील घडा फोडला.' 'मला विषमज्वर. स्वयंपाकीण एकोणीस दिवस उशाशी बसून होती.' १९५१ साली पहिल्या निवडणुकीची यादी करणारा आला, त्या दिवशी मी लिहिले आहे: 'बायका स्वतःचे नाव सांगत नाहीत, त्यामुळे अनेकींच्या नोंदी राहून जात आहेत. हे अज्ञान कधी दूर होणार?' त्याच पानावर खाली आहे: 'स्वयंपाकिणीने आज वांग्यात मीठ जास्त घातले.'

नाव मात्र कोठेही नाही. सर्व वह्या पुन्हा चाळल्या. ते प्रथम लिहिले गेले ते याच वहीत, ५ मार्च रोजी, तिने स्वतः उच्चारल्यावर. उद्या कोणी विचारले की ही स्वयंपाकीण म्हणजे साळूबाईच कशावरून, तर सव्वीस वह्यांत उत्तर नाही.

सोमवार, १५ मार्च

दुपारी तिला पडवीत बोलावून खुर्ची दिली. ती खाली बसली.

"मला आपले पूर्ण नाव सांगा," मी म्हणालो.

"तुमाला म्हाईत हाय आता."

"तुमच्या तोंडून हवे. मला लिहायचे आहे."

"साळूबाई. बापाचं नाव राधू. तेवढंच लिवा."

"यादीत पतीचे नाव आहे. ते जुळले नाही तर अर्ज फेटाळला जाईल."

"मंग तुमच्या हातानं लिवा. मी येकदा घेतलं त्याचं नाव. पुरं झालं."

मी लिहिले. काय लिहिले ते तिने वाचून दाखवायला सांगितले. दोनदा ऐकले. मग विचारले, "ह्ये दिल्यावर तुमाला त्रास हुईल म्हनत्यात तलाठीभाऊ."

होण्याची शक्यता आहे, असे मी सांगितले.

"परत धाडतील तुमाला? तुमच्या मुलखात?"

"तेही शक्य आहे."

 "तितं भाकरी कोन करून घालंल?" ती म्हणाली, आणि चूल पेटवायला उठली.

मंगळवार, १६ मार्च

उद्या सकाळच्या एसटीने तालुक्याला जाऊन कागद देत आहे. सोबत सव्वीस वह्या नेत आहे. पोत्यांत भरून ठेवल्या आहेत. अर्जाला पुढील जोडपत्र लावले आहे. मूळ कागद कचेरीतच राहील, म्हणून येथे प्रत ठेवतो.

दिनांकांची दुरुस्ती

माझे या देशात आगमन. साप्ताहिकाप्रमाणे १९३६. वास्तविक १७ नोव्हेंबर १९३४.

माझे मतदान. साप्ताहिकाप्रमाणे प्रत्येक निवडणुकीत. वास्तविक एकदाच, १५ मे १९२१ रोजी, इटलीत.

१९३४ च्या मार्चमधील माझे आजारपण. झाले नव्हते.

कडूबाईंचे निधन. १२ नोव्हेंबर १९७०. ही तारीख मी पूर्वीच बरोबर दिली होती.

मी आधारास घेतलेली यादी १५ सप्टेंबर १९७० ची. घ्यावयास हवी होती ती ५ जानेवारी १९७१ ची. तालुक्याने माझ्या अर्जाप्रमाणे केले. अर्ज माझा होता आणि चूक माझी आहे.

५ मार्च १९७१. या दिवशी माझे नाव मतदारयादीत क्रमांक ११७ वर होते. मला तो हक्क नव्हता. मी मत दिले नाही.

त्याच दिवशी क्रमांक ११८ ला तो हक्क होता. माझ्यामुळे तिला मत देता आले नाही.

वही पहिली, ११ जून १९४५. 'स्वयंपाकासाठी बाई' या शब्दांच्या जागी 'साळूबाई पुंजाराम गवारे' असे वाचावे. यापुढील सर्व वह्यांत जेथे जेथे 'स्वयंपाकीण' आहे तेथेही तसेच वाचावे.

सदर साळूबाई पुंजाराम गवारे यांचे रांजणवाडी येथील वास्तव्य. ११ जून १९४५ पासून आजपर्यंत, एकही दिवस खंड नाही.